माणसाच्या मापाची सायकल

सायकल ही वस्तू आपल्या इतक्या परिचयाची आहे की, तिला इतिहास असेल ही कल्पनाच सहसा कोणाला शिवत नाही. इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड येतात, तह येतात, बखरी आणि बखरींवरचे वाद येतात. भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलीला कोण इतिहास विचारतो? तथापि ह्या दोन चाकांपायी विद्वान माणसे पन्नास पन्नास वर्षे भांडली आहेत, आणि ते भांडण मुळात एका साध्या प्रश्नाचे होते. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाने सायकलीच्या मापाचे व्हावे, की सायकलीने माणसाच्या मापाचे व्हावे? आजच्या व्याख्यानात आम्ही ह्या भांडणाची हकीकत सांगणार आहोत. ती बहुतेक फ्रान्समध्ये घडली. म्हणून श्रोत्यांना थोडा वेळ तिकडेच यावे लागेल.

प्रथम एक उलटी गोष्ट सांगितली पाहिजे. माणसाचे माप घेऊन सायकल विकण्याची पद्धत अगदी आरंभापासून होती. ती नंतर मोडली. १८७० नंतरच्या दहापंधरा वर्षांत इंग्लंड-फ्रान्समध्ये जी उंच चाकाची सायकल होती, तिला साखळी नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले. पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाक जितके मोठे तितका एका फेऱ्यात पल्ला अधिक, आणि चाक किती मोठे करावे ह्याला मर्यादा एकच, ती म्हणजे बसणाऱ्याच्या तंगडीची लांबी. दुकानदार शिंप्यासारखा फीत घेऊन पुढे येई. कोणाला ५० इंची चाक, कोणाला ५४ इंची, एखादा ताडमाड उंच असला तर ६० इंची. आजही इंग्रजी पद्धतीने गियर मोजताना जे ‘इंच’ सांगतात, ते ह्या गेलेल्या चाकाचेच इंच आहेत. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दाते, मागे १८ दाते आणि चाक २८ इंची. हिशेब केला तर तिचा गियर ६८ इंच भरतो. म्हणजे ६८ इंच उंचीच्या चाकावर बसल्यासारखेच. एवढ्या चाकावर पाय पोचेल असा माणूस सापडणे कठीण!

१८८५ साली कव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ सायकल काढली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला साखळी. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. ह्या दोहोंमुळे सायकल सर्वांना चालवता येईल इतकी सोपी झाली. कारखाने भराभर निघाले. परंतु साखळीने चाक आणि तंगडी ह्यांचे नाते तोडले, ते कायमचे. आता कोणाचेही माप घेण्याची गरज उरली नाही. खोगीर वरखाली केले की काम भागते असा समज झाला, आणि कारखानदाराला तो फार सोयीचा होता. दोनतीन मापांचे सांगाडे पाडावेत आणि जगाला विकावेत.

आता आपण फ्रान्सच्या मध्यभागी, सँ-एतिएन ह्या गावी जाऊ. गाव डोंगराच्या कुशीत. कोळशाच्या खाणी, रेशमी फितींचे माग आणि बंदुकांचे कारखाने ही त्याची तीन अंगे. बंदूक करणाऱ्या गावात सायकलीचा धंदा भरभराटला ह्यात नवल नाही. पोलादी नळी सरळ ठेवणे, बारीक भाग हातभर कानशीने अचूक बसवणे ही विद्या तेथे पिढीजात होती. ह्या गावात पोल द व्हिवी नावाचा एक रेशमाचा व्यापारी राहत असे. जन्म १८५३ सालचा. धंदा बरा चाललेला, शिक्षण चांगले, स्वभाव नेमस्त. त्याला सायकलीचे वेड लागले आणि रेशीम मागे पडले. १८८७ साली त्याने सायकलीला वाहिलेले एक मासिक काढले. पुढे ते ‘ल सिक्लिस्त’ ह्या नावाने प्रसिद्धी पावले. त्यात तो ‘व्हेलोसियो’ ह्या टोपणनावाने लिही. फ्रान्समध्ये आजही लोक त्याला त्याच नावाने ओळखतात.

अशी एक हकीकत सांगतात की, गावाबाहेरचा घाट चढत असता व्हेलोसियोला त्याच्याच मासिकाचा एक तरुण वाचक मागून येऊन गाठून पुढे गेला, आणि तोही तोंडात चिलीम धरून. संपादकमजकूर चिडले असतील. परंतु घरी येऊन त्यांनी जे केले ते चिडलेला माणूस करीत नाही. ते हिशेब करीत बसले. एकच गियर असेल तर तो सपाटीचा असतो किंवा चढाचा. सपाटीचा ठेवला तर चढावर पाय अडकतात; चढाचा ठेवला तर सपाटीवर पाय नुसते भिरभिरतात.

हा हिशेब थोडा फोड करून पाहण्यासारखा आहे. आपल्या काळ्या सायकलीवर पायडलाच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर रस्ता कापला जातो. शंभर मीटरांत सहा मीटर चढ असलेल्या घाटात बेताच्या ताकदीचा माणूस, दमछाक होऊ न देता, ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास चढू शकतो. म्हणजे मिनिटाला १०८ मीटर. साडेपाच मीटरांच्या गियरवर त्याचे पाय मिनिटाला जेमतेम वीस फेरे मारतील. प्रत्येक फेऱ्याला अंगाचा सगळा भार पायडलावर टाकायचा, गुडघे कुरकुरायचे, आणि शेवटी खाली उतरून सायकल हाताने ढकलायची. तोच गियर सव्वादोन मीटरांच्या खाली आणला तर फेरे मिनिटाला पन्नासांवर जातात. वेग तोच, ताकद तीच; पण माणूस बसून चढतो, इकडेतिकडे पाहतो, सोबत्याशी बोलतो. व्हेलोसियोचे सारे जीवित ह्या एका बेरजेभोवती फिरले असे म्हटले तरी चालेल.

त्याने काय काय करून पाहिले त्याची यादी द्यायची तर हा तास पुरणार नाही. दोन साखळ्या लावून पाहिल्या. खाली उतरून हाताने साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकण्याची सोय केली. उलटे पायडल मारले असता हलका गियर लागतो अशीही सायकल त्या काळी निघाली होती. एका कड्याने साखळी ढकलून शेजारच्या चक्रावर नेण्याची जी युक्ती आज सर्वत्र आहे, तिला सँ-एतिएनमध्ये ह्याच मंडळींच्या खटपटीतून आकार आला. चाके लहान आणि टायर जाड असावा, हेही तो सांगत असे. त्याने स्वतः अर्ध्या मीटरच्या चाकांवर पाच सेंटिमीटर जाडीचे टायर वापरून पाहिले. त्या काळी, आणि त्यानंतरही फार काळ, लोक समजत असत की बारीक आणि दगडासारखा टणक फुगवलेला टायरच वेगवान असतो. अलीकडच्या प्रयोगांनी ही समजूत खडबडीत रस्त्यापुरती तरी खोटी ठरवली आहे. मऊ बांधणीचा रुंद टायर धक्के गिळतो आणि माणसाची शक्ती वाचवतो. म्हाताऱ्याचे म्हणणे शंभर वर्षांनी खरे निघाले.

प्रवाशांसाठी त्याने जे नियम घालून दिले त्यांत वेगाला मान नाही. थोडे आणि वारंवार खावे, फार वेळ थांबू नये, थंडी वाजण्याआधी अंगावर घ्यावे, पहिल्या तासांत दम उसना खर्च करू नये, अशी सगळी गृहिणीला शोभणारी व्यवहारदृष्टी. मद्य, मांस आणि तंबाखू हे त्रिकूट सायकलीवर असेपर्यंत वर्ज्य. तो स्वतः शाकाहारी होता. साठी उलटलेला हा गृहस्थ रात्रंदिवस शेकडो किलोमीटर जाई, आणि तरुण मंडळी त्याच्या मागे लागत.

मग भांडण कोणाशी? ते शर्यतवाल्यांशी. आँरी देग्राँज हे त्या पक्षाचे अध्वर्यू. हा माणूस काही ऐरागैरा नव्हे. १८९३ साली एका तासात ३५.३२५ किलोमीटर जाऊन त्याने पहिला अधिकृत विक्रम केला होता, आणि १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत त्यानेच सुरू केली. फ्रान्समधल्या सायकलप्रवाशांची मोठी संस्था तूरिंग क्लब हिने १९०२ साली पिरेनीज पर्वतातल्या तुर्माले घाटात सायकलींची परीक्षा ठेवली. घाटाची उंची २११५ मीटर. माणसापेक्षा यंत्राची परीक्षा व्हावी हा हेतू. मार्त एस नावाच्या एका बाईने तीन गियरांच्या सायकलीवर तेथे जी कामगिरी केली तिचा फार बोलबाला झाला. देग्राँजचे मत मात्र बदलले नाही. बदलते गियर म्हणजे वय झालेल्यांची सोय. तरुणाने स्नायूंच्या बळावर जिंकावे, असा त्याच्या लिहिण्याचा रोख होता. त्याच्या शर्यतीत साखळी बदलणाऱ्या गियरला मोकळीक मिळायला १९३७ साल उजाडले. म्हणजे वाटेने जाणारा कारकून किंवा मास्तर तीस वर्षे जे वापरत होता, ते देशातल्या सर्वांत बलवान सायकलस्वारांना मना होते.

आमच्या मते देग्राँजला नुसते हटवादी ठरवणे बरोबर नाही. शर्यत हा माणसांचा कस पाहण्याचा खेळ. तेथे यंत्र सारखे आणि साधे असावे ह्या म्हणण्यात अर्थ आहे. चूक एवढीच झाली की, शर्यतीचा नियम लोकांनी सायकलीचा नियम मानला. कारखानदार शर्यतीकडे पाहून माल काढीत, आणि गिऱ्हाईक चित्रे पाहून तो माल विकत घेई. ज्याला आठवड्याच्या सुट्टीत बायकोबरोबर नदीकाठाने चार गावे पाहायची आहेत, त्याला वाकून बसण्याची, मडगार्ड नसलेली, दिवा नसलेली सायकल मिळे. व्हेलोसियो १९३० साली वारला. सायकल हातात धरून चालत असता ट्रामचा धक्का लागला. मृत्यूने त्याला गाठले तेही पायी चालताना.

त्याच्या शिष्यांनी पुढे जे केले ते आमच्या विषयाचे हृदय आहे. १९३४ सालापासून फ्रान्समध्ये प्रवासी सायकलींच्या परीक्षा पुन्हा भरू लागल्या. ह्यांत मोठे कारखाने मागे पडले आणि छोटे कारागीर पुढे आले. परीक्षेची रीत ऐकण्यासारखी आहे. सायकल संपूर्ण सजवून आणायची. मडगार्ड, दिवे, सामानाची चौकट, पंप, सगळे हवे. मग ती तोलायची. हलकी असेल तर गुण. मग डोंगराळ, खडीच्या रस्त्यांवर शेकडो किलोमीटर चालवायची. शेवटी पंचांनी पुन्हा तपासायची. चाकाला आउट आला, एखादा बोल्ट सैल झाला, मडगार्ड खडखडू लागले की गुण कापले जात. हलके करणे कोणालाही जमते आणि मजबूत करणेही. दोन्ही एकदम साधणे हे काम.

विमानाच्या कारखान्यात हात तयार झालेला रने एर्स हा कारागीर १९३८ च्या परीक्षेत ७.९४ किलो वजनाची सर्व साज असलेली सायकल घेऊन उतरला. १९४६ साली अलेक्स सिंगरने ह्याच्याही पुढे जाऊन ६.८७५ किलोची सायकल तयार केली. आपली काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या आकड्यांचा अर्थ कळतो. दोघांचीही दुकाने पॅरिसला लागून असलेल्या लव्हाल्वा-पेरे ह्या वस्तीत होती.

ह्या दुकानांत सायकल तयार मिळत नसे. सांगून करून घ्यावी लागे. गिऱ्हाईक आले की आधी मापे. मांडीच्या सांध्यापासून जमिनीपर्यंत, धड, हात, खांद्याची रुंदी. मग प्रश्न: किती दिवसांचा प्रवास, किती सामान, रस्ते कसे, गुडघे दुखतात का? त्यावरून सांगाड्याचा नकाशा. नळ्या पातळ पोलादाच्या. टोकांना जाड आणि मधे पातळ, कारण जोर पडतो तो जोडाशी. अशा नळीचे पेटंट इंग्लंडच्या रेनॉल्ड्स घराण्याने १८९७ सालीच घेतले होते, आणि १९३५ साली त्यांनी ‘५३१’ नावाचे जे मिश्र पोलाद काढले ते पुढे कित्येक वर्षे कारागिरांचे आवडते राहिले. नळ्या खोबणीत बसवून पितळेने किंवा चांदीच्या मिश्रणाने झाळायच्या. येथे हात हलका हवा. पोलाद फार तापले की त्याचा जीव जातो.

आणि मग ह्या कारागिरांची खरी थोरवी दिसते ती लहानसहान गोष्टींत. कारखान्याच्या सायकलीवर कॅरिअर, दिवा, मडगार्ड ही मागाहून पट्ट्या आवळून लावलेली बांडगुळे असतात. पट्टी ढिली होते आणि सगळे वाजू लागते. एर्स-सिंगर ह्यांनी ही सगळी सामग्री सांगाड्याबरोबरच आखली. समोरच्या चाकावरची छोटी चौकट चिमट्यालाच स्क्रूने बसवलेली, दिवा तिच्या पोटाखाली, डायनामोची तार नळीच्या आतून नेलेली. मडगार्ड ॲल्युमिनियमचे, टायरभोवती सर्वत्र सारखी फट राखून बसवलेले. ही फट सारखी असणे ही शोभेची बाब वाटेल. पण मडगार्ड ताण न देता बसले असेल तरच ते हजारो किलोमीटर तडकत नाही. सामानाची मुख्य पिशवी हँडलच्या पुढे, खाली, चाकाला शक्य तितकी जवळ. नकाशा, खाऊ, पावसाचा कोट न उतरता हाती लागतात. पुढे वजन टाकायचे म्हणून चिमट्याचा बाक वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर हँडल हातात राहत नाही. पिशवीसाठी चिमटा बदलायचा, ही दृष्टी कारखान्याला कशी परवडावी?

बसण्याच्या मापाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खोगिराच्या उंचीचा हिशेब पुढे शास्त्रज्ञांनीही केला. १९६७ साली हॅम्ली आणि टॉमस ह्या दोघा इंग्रज संशोधकांनी असे दाखवले की, मांडीच्या सांध्यापासून जमिनीपर्यंतच्या लांबीच्या १०९ टक्के अंतर खोगीर आणि खालच्या टोकाला असलेले पायडल ह्यांत ठेवले तर ताकद उत्तम लागते. पुढे शर्यतवाल्यांत दुसरे एक कोष्टक रूढ झाले. ते म्हणजे त्याच लांबीला ०.८८३ ने गुणावे आणि तेवढे अंतर मधल्या आसापासून मोजावे. तंगडी ८० सेंटिमीटर धरली तर पहिल्या रीतीने ८७.२ येतात, त्यांतून १७ सेंटिमीटरांची क्रँक वजा केली की ७०.२. दुसऱ्या रीतीने ७०.६. दोन वाटांनी निघालेली माणसे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत येऊन भेटली. परंतु हा हिशेब पायांचा झाला. हात कोठवर पोचावेत, पाठ किती वाकावी, ह्याला असे सोपे कोष्टक नाही. तेथे कारागिराची नजर लागते, आणि दहा तास बसून आल्यावरचा गिऱ्हाइकाचा चेहरा पाहावा लागतो.

१९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना पंधरा दिवसांची पगारी रजा कायद्याने मिळाली आणि हजारो माणसे सायकलीवर बसून प्रथमच समुद्र पाहायला निघाली. पुढे जर्मन अमलात पेट्रोल मिळेना, तेव्हा सायकलीची किंमत आणखी वाढली. पण युद्धानंतर मोटारबसवलेल्या सायकली आणि स्वस्त मोटारी आल्या. तरुण प्रवासी निघून गेले. एर्स १९७६ साली वारला. सिंगरचे दुकान त्याच्या नात्यातल्या माणसांनी पुढे चालवले.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्याकडे जी काळी सायकल रुजली ती इंग्रजी घडणीची. लांब बैठक, जाड नळ्या, दांड्यांचे ब्रेक, मागे कॅरिअर. तिला नावे ठेवणे सोपे आहे. पण दुधाच्या चरव्या, गवताचे भारे, कॅरिअरवर बायको आणि दांडीवर मूल एवढा संसार तिने ओढला. कोणत्याही खेड्यात ती दुरुस्त होते. तिचा दोष मापाचा. २२ आणि २४ इंची सांगाडे पुरुषांच्या, त्यातही उंच पुरुषांच्या मापाचे. मुले दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत शिकली, ह्याचे आपण कौतुक करतो. त्यांच्या मापाची सायकल घरात नव्हती एवढाच त्याचा अर्थ. बायकांना तर माप विचारलेच नाही. लेडीज सायकल म्हणून दांडी तेवढी खाली आणली. हात किती लांब आहेत हे कोणी मोजले नाही. आमची ह्या बाबतीत तक्रार आहे, आणि ती फ्रान्सच्या तुलनेने अधिक बोचते. एर्सची मुलगी लिली वडिलांनी बेतलेल्या सायकलींवर फ्रान्सचे महिला अजिंक्यपद एकदा नव्हे, अनेकदा जिंकली.

मापाची सायकल नसतानाही माणसे कोठे जातात ह्याचे उदाहरण मुंबईचेच आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. एकूण पल्ला सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांच्या वृत्तांताचे पुस्तक १९३१ साली निघाले. माणूस ठाम असला की सायकल दुय्यम, असे कोणी ह्यावरून म्हणेल. सहा निघाले आणि तिघांनी फेरा पुरा केला, हेही त्याने ध्यानात घ्यावे.

अलीकडे हा विषय पुन्हा जागा झाला आहे. फ्रान्समधल्या त्या परीक्षा २०१६ साली पुन्हा सुरू करण्यात आल्या. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची १२०० किलोमीटरची जी दौड १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली, ती आता दर चार वर्षांनी प्रवासी सायकलस्वारांसाठी भरते. मुदत नव्वद तासांची. कोण पहिला आला ह्याला किंमत नाही. २०१९ साली तीत भारतातून शेकडो स्वार गेले होते. पुणे, मुंबई, नाशिक येथून २०० किलोमीटरपासून पुढच्या दौडी निघतात, आणि त्यांत घाट असतोच.

मग ह्यासाठी पॅरिसला माप पाठवावे काय, असा प्रश्न व्याख्यानानंतर येईल, म्हणून आधीच सांगतो. घरातली काळी सायकलही पुष्कळ सुधारते. भिंतीशी अनवाणी उभे राहावे, एक जाडसे पुस्तक दोन पायांमध्ये खोगिरासारखे वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. त्याचे १०९ टक्के करून खोगीर बसवावे. बहुतेकांचे खोगीर आज दोनचार बोटे खाली निघेल. पाय जमिनीला टेकावा म्हणून ते तसे ठेवलेले असते. सवय होईपर्यंत ते थोडे थोडे वर न्यावे. दुसरे, मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २२ दात्यांचे बसवावे. गियर ६८ इंचांवरून ५६ वर येतो आणि एका फेऱ्याचा पल्ला साडेपाच मीटरांवरून साडेचार मीटरांवर. त्यासाठी साखळीला कडीची एक जोडी वाढवावी लागते.